दचकणं जाईपर्यंत माणसांत जायचंच नाही?

पत्र (ओळख पटेल असा तपशील गाळून, थोडक्यात)

मी २९ वर्षांचा आहे, ऑफिसात नोकरी करतो. मागून कुणी नुसती हाक मारली तरी मी खुर्चीतून उडतो. दार आपटलं, कुणाच्या हातून फाइल पडली, अचानक फोन वाजला की छातीत धस्स होतं, कधीकधी तोंडातून आवाजही निघतो. लहानपणी घरात हा थट्टेचा विषय होता. सगळे मला ‘भित्री भागूबाई’ म्हणायचे. आता ऑफिसातही तेच. मध्यंतरी मीटिंग चालू असताना दार आपटलं आणि माझ्या हातातलं पाणी समोरच्या कागदांवर सांडलं. सगळे हसले. पुढे एका सहकाऱ्याने मुद्दाम मागून येऊन मला दचकवलं, दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. मीही खाली हसण्याची इमोजी टाकली, पण त्या रात्री झोप लागली नाही. मुळातच मला चारचौघांत बोलणं जमत नाही. आता जेवायला सगळ्यांसोबत बसत नाही, कानात हेडफोन घालून काम करतो, मीटिंगला लवकर जाऊन भिंतीकडची खुर्ची धरतो, समारंभ टाळतो. घरचे म्हणतात, मन खंबीर कर. मी ठरवलंय की आधी हे दचकणं पूर्ण घालवायचं आणि मगच लोकांत मिसळायचं. तोवर घरून काम करू द्यावं म्हणून अर्जही लिहून ठेवलाय. दचकणं बंद करण्याचा खात्रीचा उपाय सांगा.

उत्तर

दचकणं कायमचं बंद करण्याचा खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. तसा उपाय आपल्याकडे आहे असं सांगणारं कुणी भेटलंच, तर त्याला पैसे देऊ नका.

तुमचं पत्र लांबलचक आहे, पण दचकण्याचं वर्णन तुम्ही चार ओळींत उरकलंय. उरलेल्या पत्रात कोण हसलं, रात्री काय काय आठवत राहिलं आणि परत तसं होऊ नये म्हणून तुम्ही दिवसभर किती आटापिटा करता, हेच आहे. मला वाटतं, तुमच्याही नकळत तुम्ही त्रासाची वाटणी बरोबर केली आहे. उत्तरही मी त्याच प्रमाणात देणार आहे.

तरी आधी दचकण्याबद्दल बोलू, कारण ‘मन खंबीर कर’ हा सल्ला तुम्ही मनावर घेतलेला दिसतो. मोठा आवाज कानावर पडला की त्याची खबर मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाची वाट बघत थांबत नाही. मेंदूच्या अगदी बुडाशी, मज्जारज्जूच्या तोंडाशी जो भाग असतो, तिथून मोजक्या चेतापेशींच्या साखळीतून हुकूम थेट स्नायूंना सुटतो. सगळ्यात आधी पापणी मिटते, साधारण ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. पाठोपाठ मान आत ओढली जाते, खांदे वर येतात, कोपरं वाकतात, पोट आवळतं. हातात ग्लास असेल तर त्यातलं पाणी सांडणार, हे ओघानं आलंच. एवढं सगळं होऊन गेल्यावर तुम्हाला कळतं की दार आपटलं. मनाला खंबीर व्हायचं असेल तरी त्या वेळात त्याला शिरकाव नसतो.

कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांजवळ पिस्तुलाचा बार काढून त्यांचं दचकणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं होतं. त्यांचा अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की गोळीबाराच्या आवाजाची सवय असलेल्यांचं अंग फारसं हलत नाही, पण पापणी त्यांचीही मिटते. अजिबात न दचकणारा माणूस म्हणजे एक तर बहिरा किंवा बढाईखोर. कुणाला निसर्गत:च हे जास्त होतं, कुणाला कमी. तुमच्या वाट्याला जास्त आलंय. यात भित्रेपणाचा संबंध नाही. मुलग्याला भागूबाई म्हणण्यात आणखी एक डंख असतो आणि तो तुम्हाला अजून टोचतोय, हे पत्रातून कळतं. घरच्यांच्या मनात तेव्हा वाईट काही नसेल, पण डंख तो डंखच.

आता पुढचा भाग, जो मला तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा वाटतो. दचकणं आपोआप होत असलं तरी त्याचा जोर कायम सारखा नसतो. ब्राउन, कॅलिश आणि फार्बर या संशोधकांनी १९५१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवा लागला की विजेचा झटका बसतो, हे त्यांनी उंदरांच्या अंगवळणी पाडलं. नंतर झटका न देता फक्त मोठा आवाज केला. आवाज तोच, पण दिवा लागलेला असताना उंदीर जास्त जोरात उडाले. वाईट काही घडणार या अपेक्षेनंच त्यांचं शरीर ताणलेलं होतं. भीतीचा हिशेब ठेवणारा अमिग्डाला नावाचा मेंदूचा भाग दचकण्याच्या त्या साखळीचा जोर वाढवतो, हे पुढच्या संशोधनात उलगडत गेलं. माणसांचंही तसंच आहे. झटका बसू शकतो असं सांगून बसवलेला माणूस जास्त दचकतो, अंधारातही जास्त दचकतो. आता थोड्या वेळात लोकांसमोर बोलायचंय, अशी वाट बघत असलेल्यांना तपासलं, तेव्हा ज्यांना मुळात लोकांची भीती जास्त त्यांचं दचकणंही जास्त निघालं.

आता तुमची मीटिंग बघा. तुम्ही इतरांच्या आधी पोचता आणि खुर्ची निवडता. पाण्याचा ग्लास जरा लांब सरकवून ठेवता. कुणी बोलायला लागतं, पण तुमचं निम्मं लक्ष दाराच्या कडीकडे. दार अर्धवट उघडं आहे, वाऱ्यानं आपटेल का? आपटलं आणि मी परत उडालो तर? गेल्या वेळी हसणारे ते दोघे समोरच बसलेत. खांदे केव्हाच कानांकडे सरकलेत, दात आवळलेत, श्वास वरच्या वर चाललाय. दिवा लागलेलाच आहे. अशात कुणाच्या हातून पेन जरी पडलं तरी तुम्ही उडणारच. आणि उडालात की पुढच्या मीटिंगला आणखी लवकर येऊन आणखी लांबची खुर्ची शोधणार.

म्हणून ‘आधी दचकणं घालवीन, मग माणसांत जाईन’ या बेतात मला मोठी खोट दिसते. तुमचं दचकणं एवढं वाढलंय, त्यात माणसांच्या धास्तीचा मोठा वाटा आहे. ती धास्ती माणसांपासून लांब राहून ओसरत नाही. घरी बसलात की बरं वाटेल, अगदी पहिल्या दिवसापासून बरं वाटेल, आणि म्हणूनच मेंदू असा धडा घेईल की लोकांपासून पळालो म्हणून वाचलो. वर्षभरानं ऑफिसात पाऊल टाकाल तेव्हा कडीकडे लागलेलं लक्ष आजच्यापेक्षा जास्त असेल. मी तर क्रम बदलायला सांगेन. दचकणारा माणूस म्हणूनच लोकांत जा. धास्ती उतरत जाईल तसा दचकण्याचा जोरही बहुधा थोडा उतरेल. नाही उतरला, तरी तोवर तुम्हाला त्याची एवढी फिकीर राहिलेली नसेल.

यावर तुम्ही म्हणाल, लोक हसतात त्याचं काय? ते काही माझ्या मनाचे खेळ नाहीत, व्हिडिओच काढलाय.

मान्य. चारचौघांत बुजणाऱ्या माणसांना अनेकदा सांगितलं जातं की तुझ्याकडे कुणाचं लक्षही नसतं. त्याला आधारही आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी चित्र पाहिलं असणार, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. पण तुमच्या बाबतीत हा दाखला पुरेसा नाही. खुर्चीतून उडणारा माणूस दिसतोच, त्यामुळे लक्ष गेलं का हा प्रश्न तुमच्यापुरता निकालात निघतो. लक्ष गेल्यावर लोकांनी तुमच्याबद्दल काय मत केलं आणि ते किती दिवस धरून ठेवलं, यावर मात्र बोलायला हवं, कारण तिथे तुम्ही स्वत:च्याच अंदाजाला पुरावा समजून बसला आहात. दार आपटलं तेव्हा खोलीतले सगळेच थोडेफार दचकले असणार, आणि दचकल्यावर सुटकेचं हसू येतं. त्या हसण्यातलं किती तुमच्यावर होतं आणि किती स्वत:वर, हे तुम्ही तपासलेलं नाही. त्या मीटिंगमध्ये आणखी कोण अडखळलं, कुणाचा फोन भलत्या वेळी वाजला, हे आज तुम्हाला आठवतंय का? नसेल आठवत, तर त्यांना तुमचं सांडलेलं पाणी आठवत असेल असं का धरून चालायचं?

व्हिडिओची गोष्ट वेगळी. तिथे तुमची समजूत काढण्यात अर्थ नाही, ते वागणं चूकच होतं. वारंवार दचकवलं की सवय होऊन जाईल, असं कुणी तोंड वर करून सांगत असेल तर ऐकून घेऊ नका. एकच आवाज ठरावीक अंतरानं, निवांत जागी ऐकवत राहिलं तर त्याला दचकणं कमी होतं, एवढं खरं आहे. कधी, कुठून, कोण येईल याचा नेम नसताना चारचौघांसमोर दचकवलं तर उलटं होतं. तो दिवा सतत लागलेला राहतो. असा उपचार नसतो, ही निव्वळ खोडी आहे.

पण तुमच्या इमोजीबद्दलही बोलायला हवं. ती तुम्ही का टाकली असेल हे मला कळतं. रागावलो तर ‘गंमत कळत नाही’ असं म्हणतील, म्हणून आपणच आधी हसून मोकळं व्हायचं. पण समोरच्यांनी तिचा अर्थ ‘याला चालतंय’ असा लावला, आणि तो लावायला तुम्हीच वाट करून दिलीत. आता ती वाट तुम्हालाच बंद करावी लागेल. ग्रुपवर नको. ज्याने दचकवलं त्याला एकट्याला गाठा आणि सरळ सांगा, ‘तू मागून येऊन मला दचकवतोस ते मला आवडत नाही. तेव्हा मी हसलो, पण मला त्रास झाला. परत करू नकोस.’ ज्याने व्हिडिओ टाकला त्याला तो काढायला सांगा. कारणं द्यायची नाहीत, ‘माझी तब्येतच अशी आहे’ वगैरे सुरू करायचं नाही, माफी मागायची नाही. बोलताना आवाज थरथरला तर थरथरू दे. बहुतेक लोक ओशाळतात आणि थांबतात. थांबले नाहीत, तर तारखेनिशी लिहून वरिष्ठांकडे द्या. एखाद्याला त्रास होतो हे सांगितल्यावरही जो मुद्दाम करत राहतो, तो सतावणूक करतोय, आणि तिला तेच नाव द्यायचं.

बाकीच्या चांगल्या माणसांनाही थोडं सांगून ठेवा. शेजारी बसणाऱ्यांना एवढंच म्हणा, ‘मी जरा जास्तच दचकतो, मागून येताना लांबूनच हाक मारत जा.’ गुपित जपायचं ओझं एवढ्या एका वाक्यानं उतरतं. दचकलात तर त्यांना ते ठाऊकच असतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची मजा राहत नाही.

आता तुमचे बचाव. हेडफोन, भिंतीकडची खुर्ची, वेगळं जेवणं, समारंभ टाळणं. हे सगळे एका पंगतीतले नाहीत. टेबल फिरवून दाराकडे तोंड करून बसता येत असेल तर खुशाल बसा, त्यात मला काही गैर दिसत नाही. पाऊल वाजल्याचं कळणं आणि येणारा माणूस दिसणं यानं फुकटचं दचकणं वाचतं. हेडफोन मात्र तुमचं नुकसान करतायत असं मला वाटतं. त्यांनी बारीक आवाज दाबले जातात, चालत येणाऱ्याची चाहूलही दाबली जाते, आणि मग खांद्यावर पडलेला हात आकाशातून पडल्यासारखा वाटतो. शिवाय आवाजांपासून कान सतत झाकून ठेवले तर साधे आवाजही हळूहळू जास्त बोचू लागतात. एका कानातला काढण्यापासून सुरुवात करा. वेगळं जेवण्याचा फायदा एवढाच की त्या अर्ध्या तासात कुणी हसत नाही. त्या बदल्यात, ज्यांची तुम्हाला धास्ती वाटते ती माणसं एरवी कशी असतात, हे कळायची रोजची संधी जाते.

आणखी एक बचाव आहे. तो पत्रात नाही, पण तुम्ही करत असणार. दचकल्यावर तुम्ही काय करता? माझा अंदाज सांगते. तुम्ही घाईघाईने ‘सॉरी, सॉरी’ म्हणता, मोठ्यांदा हसता, प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघून कोण काय विचार करतंय ते वाचायला जाता, आणि मग मीटिंग संपेपर्यंत गप्प होता. दचकणं सेकंदभरात संपलेलं असतं, लोकांच्या लक्षात राहतो तो नंतरचा गोंधळ. त्याऐवजी श्वास हळूहळू, आत घेताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन बाहेर सोडा. खांदे खाली येऊ द्या. मग साध्या आवाजात एकच वाक्य, ‘दचकलो जरा. हं, तुम्ही खर्चाचं सांगत होतात.’ आणि लक्ष पुन्हा बोलणाऱ्याच्या शब्दांवर, त्याच्या चेहऱ्यावरच्या तुमच्याबद्दलच्या मतावर नव्हे. हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघा, जिभेवर बसायला हवं. ऐन वेळी सुचण्यावर भरवसा ठेवू नका, त्या क्षणी कुणालाच काही सुचत नाही. आणि धडधड पुढची काही मिनिटं चालू राहील, ती थांबायची वाट न बघता बोलत राहायचं.

रात्रीच्या उजळणीचं काय करायचं? लोकांना घाबरणाऱ्या माणसांची ही जुनी खोड आहे. घडलेला प्रसंग रात्री पुन्हा पुन्हा चालवायचा आणि दर वेळी स्वत:ला आणखी हास्यास्पद करायचं. विचार बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही, बंद होत नाहीत. एक वही करा. मीटिंगला जाण्याआधी त्यात तुमचं भाकीत लिहा, आणि मोघम नको, पडताळून बघता येईल असं लिहा. ‘वाईट होईल’ हे चालणार नाही. ‘मी दचकेन, निदान तिघं हसतील, आणि दुपारी कुणीतरी त्यावरून चिडवेल’ हे चालेल. संध्याकाळी खाली खरं काय झालं ते लिहा. जेवढं दिसलं, ऐकू आलं तेवढंच, त्यांना ‘काय वाटलं असेल’ ते नको. रात्री उजळणी सुरू झाली की वहीतलं पान वाचा. कधीकधी भाकीत खरंही ठरेल, तेव्हा तेही प्रामाणिकपणे लिहा. पण काही आठवड्यांनी पानं चाळलीत की किती भाकितं फसली हे तुमच्याच अक्षरात समोर असेल, आणि माझ्या सांगण्यापेक्षा त्याचं वजन जास्त.

या वहीच्या जोडीनं थोडं थोडं पुढं सरकायचं. आधी त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर जेवा. ते अंगवळणी पडलं की चौघांच्या टेबलावर. मीटिंगला मुद्दाम शेवटी जा आणि उरलेली खुर्ची घ्या. ग्लास जवळ ठेवा, अर्धा भरलेला, आणि मधेच उचलून प्या. आणि एक जरा आगाऊ वाटेल अशी गोष्ट सुचवते, थेरपिस्ट ती खरोखर करायला लावतात. एखाद्या उपाहारगृहात बसून थोडं पाणी मुद्दाम टेबलावर सांडा, आवाज होईल असं. मग मान वर करून बघा. किती जणांनी पाहिलं, किती वेळ, आणि पुढं त्यांनी काय केलं? दचकून सांडलेल्या पाण्याच्या वेळी तुम्ही बघायच्या अवस्थेत नव्हता. या वेळी तुम्हाला शांतपणे बघता येईल.

अर्जाबद्दल माझं मत विचाराल तर तो देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांना मी असंच सांगणार नाही. गोंगाटाच्या जागी ज्यांचं कामच होत नाही, त्यांना आठवड्यातले काही दिवस घरून काम करणं खरोखर मानवतं. स्वत:ची परीक्षा सोपी आहे. घरून काम करायला मिळालं तर ‘आता काम नीट होईल’ असं मनात येईल, की ‘चला, त्यांची तोंडं बघायला नको’ असं? दुसरं येत असेल तर अर्ज भीतीने लिहिलेला आहे.

आता शरीराकडे येऊ. झोप अपुरी असेल आणि दिवसभर कॉफी चालू असेल तर दचकणं वाढतं. त्यामुळे आधी तिथे लक्ष द्या. दारू प्यायल्यावर तात्पुरतं मोकळं वाटतं, आणि उतरताना शरीर जास्त बिथरतं. रोज पिणाऱ्याने ती एकदम सोडायचीही नसते, डॉक्टरांना विचारून सोडावी. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तर धडधड, थरथर, अस्वस्थता आणि दचकणं असं सगळं एकत्र दिसू शकतं, त्याची साधी रक्त तपासणी असते. एखादं नवं औषध सुरू झाल्यापासून हे वाढलं असेल तर तेही सांगायला हवं.

तुम्हाला लहानपणापासून हे आहे, त्यामुळे पुढचं बहुधा तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी असेल. अपघात, मारहाण, अत्याचार अशा एखाद्या प्रसंगानंतर दचकणं सुरू झालं असेल, सोबत वाईट स्वप्नं पडत असतील, तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल, त्या जागा नि त्या आठवणी टाळल्या जात असतील आणि महिना उलटूनही हे ओसरत नसेल, तर तो आघातानंतरचा तणावविकार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते गुणकारी आहेत. वर सांगितलेली वही आणि पाणी सांडण्याचे प्रयोग त्यावरचा उपाय नव्हेत. घरात आरडाओरड किंवा मारझोड अजून चालू असेल, तर दचकणारं शरीर आपलं काम बरोबर करतंय. तिथे आधी सुरक्षित जागा शोधायची. आणि दचकल्यावर एखाद्याचं सगळं अंग ताठ होऊन, शुद्धीत असतानाच तो लाकडासारखा खाली पडत असेल, तर त्याने मेंदूविकारतज्ज्ञांना गाठावं. हायपरएक्प्लेक्सिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार तसा असतो.

तुम्ही मदत घ्यावी का? मला वाटतं, घ्यावी. लोकांच्या नजरेची भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली आणि तिच्यापायी जेवण, काम, भेटीगाठी टळायला लागल्या, तर तिला नुसता लाजाळूपणा म्हणत नाहीत. सोशल अँग्झायटी म्हणून तिचं रीतसर निदान होतं. अमेरिकन मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० साली सोशल फोबिया या नावाने आला. बहुतेकांना तो किशोरवयातच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं ‘स्वभाव’ म्हणून खपून जातो. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी (विचार करण्याच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत), हा यावरचा सगळ्यात पारखलेला उपचार आहे. साधारण १२ ते १६ बैठकी होतात आणि मी सांगितलेले प्रयोग तिथे कुणीतरी सोबत घेऊन करवून घेतं. एकट्याने वहीत जमलं नाही तर ते तुमचं अपयश मानू नका, सोबत घेतल्यावर अनेकांना जमतं.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. एसएसआरआय गटातली, एरवी नैराश्यावर वापरली जाणारी औषधं या भीतीवरही दिली जातात, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. प्रोप्रानोलोल नावाचं औषध धडधड आणि थरथर कमी करतं, भाषणाआधी काही जण घेतात, पण दमा असलेल्यांनी ते घ्यायचं नसतं. क्लोनाझेपामसारख्या गोळ्या लगेच शांत करतात आणि त्यांची सवयही लागते. यातलं काहीही मित्राच्या पाकिटातून काढून घ्यायचं नाही आणि आधीपासून घेत असाल तर मनानं एकदम बंद करायचं नाही.

डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाल तेव्हा एक काळजी घ्या. ‘मला दचकायला होतं’ एवढंच सांगून थांबलात तर झोपेची चौकशी होईल, एखादी गोळी मिळेल आणि तुम्ही परत याल. तेव्हा जेवण वेगळं करता, समारंभ टाळता, रात्री प्रसंग उगाळत बसता, घरून काम मागायच्या बेतात आहात, हे आधी सांगा आणि दचकणं त्यानंतर. तोंडानं सांगायला जड जात असेल तर मला लिहिलेलं पत्रच छापून त्यांच्या हातात द्या. तुम्ही ते नीट लिहिलंय.